थर ओला होता

लाल रंग उन्हात सगळ्यात आधी मरतो. पांढरा टिकतो, निळा कसाबसा टिकतो. लाल आधी गुलाबी होतो, मग खडूसारखा हाताला लागतो.

एक किलो रूई पिंजली की ती एका माणसाच्या कवेत मावत नाही.

स्टीलच्या ताटात एक नारळ. हलवला की आत खुळखुळतो, कारण पाणी सुकलं आहे. शेजारी सोनेरी मुठीची कात्री, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

पालिकेच्या फाटकापासून बसस्थानकामागच्या गल्लीपर्यंत सहाशे चाळीस पावलं. माझी पावलं. नंतर मोजली.

प्रेमराज नाना गुरुवारी मीठ खात नाहीत.

"अक्का, सही निळ्या पेनने करा. काळी सही झेरॉक्स वाटते."

*

यातल्या अक्का म्हणजे मी. कोकिळा. राहते जळगावात, पिंप्राळ्याला. काम गाड्या चमकवण्याचं. घरच्या गाड्या नाहीत, कामाच्या मोठ्या गाड्या. केळीचे ट्रक, दुधाचे टँकर, बोअरवेलच्या गाड्या, जेसीबी. आधी धुवायचं, मग रंगात रुतलेली धूळ ओढून काढायची, मग मशीनला बफ लावून घासायचं, आणि शेवटी रंगावर संरक्षक थर. डब्यावर त्याला सिरॅमिक म्हणतात, ड्रायव्हर लोक काच म्हणतात. धुळ्याला मुंबई-आग्रा रोडवर ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता, तिथे माझे वडील निंबा पेंटर. त्यांच्या हाताखाली शिकले. ड्रायव्हर डिझेलचा फडका मारून गाडी चमकवतात. दोन दिवस चमकते, वर्षात रंग मरतो. असे मेलेले रंग मी उठवते. बावीस वर्षं झाली.

आणि प्रेमराज नाना म्हणजे एका नगरपालिकेचे कार्यालय अधीक्षक. पालिकेचं नाव लिहीत नाही. एरंडोलच्या पुढे, महामार्गाला लागून, इतकं पुरे.

नानांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. टाइप केलेला, खाली माझं नाव, नावावर रिकामी जागा. पाच वाक्यं. ती पाचही वाक्यं इथे देते, एकेक करून, कारण एकदम दिली तर खरी वाटतात.

*

वाक्य पहिलं.

*"मी, खाली सही करणार, नगरपालिकेच्या नवीन अग्निशमन वाहनाच्या रंगाची देखभाल करते."*

हे खरं आहे.

नवीन बंब नोव्हेंबरात आला. जुना बंब त्याच आठवड्यात लिलावात गेला, कारण एका शेडमध्ये दोन मावत नव्हते. नव्याचं लोकार्पण करायचं ठरलं. मोठे साहेब येणार, फीत कापणार, नारळ फोडणार, झेंडा दाखवणार, मग गाडी रस्त्यावर. तोवर चाक फिरवायचं नाही. आपल्याकडे नवा ट्रक घेतला तरी नारळ फुटल्याशिवाय कोणी भाडं भरत नाही, हे मलाही मान्य. पण ट्रकवाला शोरूमच्या दारातच फोडतो नारळ. पाच महिने ताटात ठेवत नाही.

डिसेंबरातली तारीख साहेबांना जमली नाही. जानेवारीत आचारसंहिता. फेब्रुवारीत साहेबांकडे लग्न. मार्चमध्ये नुसतंच "कळवतो". गाडी आवारात उभी. वर पत्रा, पण पश्चिमेकडून उघडं, दुपारी तीननंतर डाव्या अंगावर ऊन. दर तारखेला मला फोन. "अक्का, धूळ बसलीय, हात मारून जा." मी स्कूटरवर पायाशी बफिंग मशीन ठेवून जायचे. चार तारखा, चार वेळा पॉलिश. एक किलोमीटरही न चाललेल्या गाडीला.

मला तेव्हा राग आला का? नाही. मला काम मिळत होतं आणि लाल रंग सुंदर होता. खरं तेच सांगते. त्या बोनेटमध्ये मला माझा चेहरा दिसायचा, मागच्या कडुनिंबासकट.

शेवटचा हात मी मशीनने मारत नाही. रूईच्या बोळ्याने मारते. रूई नूर महंमद मन्सुरीकडून घ्यायची. बसस्थानकामागच्या गल्लीत त्याचं पिंजाऱ्याचं दुकान, गाद्या-गोधड्यांचं, वर राहायची खोली. त्याची बायको रईसा गाद्या शिवते. तो सरकी-कचरा वेचून माझ्यासाठी वेगळी रूई ठेवायचा. म्हणायचा, "गाडीले टोचाले नको." माणसाला टोचलेलं चालतं, गाडीला नाही, असं रईसा वर म्हणायची. आम्ही हसायचो.

*

वाक्य दुसरं.

*"दि. २२ एप्रिल रोजी सदर वाहनाच्या रंगावर संरक्षक थर देण्याचे काम सुरू होते."*

खोटं.

थर मी ३१ मार्चला दिला. सहा तासांत तो हाताला सुकतो, आठ दिवसांत पक्का होतो. बावीस तारखेपर्यंत बावीस दिवस झाले होते. त्या दिवशी मी फक्त पुसत होते, कारण तेवीस तारखेला सकाळी दहाला लोकार्पण होतं. पाचवी तारीख. ही नक्की, असं नाना म्हणाले होते. आवारात मांडव. बंबाच्या नाकासमोर लाल फीत दोन खांबांना बांधलेली. टायरखाली लिंबं आदल्या दिवशीच ठेवून झालेली.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. मी मागच्या शिडीवर. बसस्थानकाच्या बाजूने धूर दिसला. पांढरा. रूई पेटली की धूर आधी पांढराच येतो, काळा नंतर, लाकूड लागलं की. म्हणजे कुठे लागलंय ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी एक मोटारसायकलवाला फाटकातून ओरडत आत आला.

"मन्सुरीनं दुकान पेटनं! बंब काढा, बंब!"

बंबाचा ड्रायव्हर भाईदास शेडच्या सावलीत डबा खात होता. भाकरी तशीच टाकून उठला.

"भाईदास, काढ गाडी."

"चाबी नानाजवय शे, अक्का."

मी जिना चढून वर गेले. नाना फोनवर होते. मांडववाल्याशी. गालिचा हिरवा का लाल, हे चाललं होतं.

"नाना, चावी द्या. नूर महंमदचं दुकान पेटलंय."

त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. फोन ठेवला.

"कळलंय मला. साहेबांच्या पीएला फोन लावतोय."

"त्याला काय विचारायचंय? आग आहे का नाही ते?"

"अक्का, आवाज खाली. उद्या दहाला कार्यक्रम आहे. पत्रिका वाटल्यात. फीत बांधलीय. नारळ फुटलेला नाही. बिननारळाची गाडी बाहेर काढली आणि काही बरंवाईट झालं, तर जबाबदार कोण?"

"बरंवाईट तिकडे चाललंय, नाना."

"आणि तुम्ही हे बोलताय? तुम्ही?" ते खरोखर चकित झाले होते. "पाच महिने तुम्हीच हात मारताय ना तिच्यावर? काजळी बसेल. पाइप घासतील. साहेबांना काय काळी गाडी दाखवू?"

"मी पुसून देते. संध्याकाळपर्यंत आरसा करून देते. फुकट. चावी द्या."

"मुख्याधिकारी मॅडम जळगावला मीटिंगला गेल्यात. त्यांच्या परवानगीशिवाय मी चाव्यांचं कपाट उघडू शकत नाही."

कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्या जानव्याला होती. गुरुवारी मीठ न खाणारा माणूस. मला ती शर्टातून दिसत होती.

"शेजारच्या पालिकेचा बंब मागवलाय," ते म्हणाले. "निघालाय." आणि खुर्चीत असे मागे टेकले, जणू आग विझली.

तेव्हा बारा वीस झाले होते.

*

वाक्य तिसरं.

*"थर ओला असल्याने वाहन जागेवरून हलविणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नव्हते."*

ओला थर लावलेली गाडी हलते. ओल्या रंगाचीसुद्धा हलते. धूळ चिकटते, पुन्हा करावं लागतं, बस. बावीस वर्षांत मी शेकडो गाड्यांना थर दिला. त्यामुळे एकही गाडी जागेला खिळलेली पाहिली नाही. गाडी हलते ती इंजिनाने. "तांत्रिकदृष्ट्या" हा शब्द ज्याने टाइप केला त्याने कधी गाडीला हात लावलेला नाही.

माझ्या धंद्याचं नाव घेऊन खोटं बोललेलं मला सहन होत नाही. माझ्या वडलांनी चाळीस वर्षं रंग मारला, छातीत रंग भरून गेले, पण "हा रंग उद्या सुकेल" म्हणाले तर तो उद्याच सुकायचा.

मी धावत गल्लीत गेले. लोक बादल्या घेऊन उभे. नळाला पाणी चार दिवसांआड, त्या दिवशी नव्हतं. रसवंतीवाल्याने पिंप रिकामं केलं, चहावाल्याने टाकी. रईसा वरून कशीबशी उतरली होती, शिलाई मशीनचं नुसतं चाक छातीशी धरून. एवढंच हाताला लागलं म्हणे. आणि नूर महंमद आत. पिंजायची मशीन ओढत होता. लोखंडी. तापलेली.

"सोडी दे ना, नूरभाऊ! सोड ते!" लोक ओरडत होते.

त्याने सोडली नाही. उंबऱ्यापर्यंत आणली, तिथे अडकली. दोघांनी त्याला काखेत धरून मागे ओढलं तेव्हा त्याच्या हातांची सालटी मशीनला राहिली.

शेजारचा बंब सव्वा वाजता आला, धूर दिसल्यापासून पासष्ट मिनिटांनी. तोवर विझवण्यासारख्या भिंतीच उरल्या होत्या. त्यांनी भिंती विझवल्या.

मी आवारात परतले तेव्हा राख उडत होती. रूईची राख हलकी असते, मऊ, करडी, पिसासारखी. लाल बोनेटवर ती बसली होती. नाना खाली उतरून आले होते, कमरेवर हात.

"बघा," म्हणाले. "तरी मी म्हणत होतो. दार उघडं ठेवलं असतं तर आतपण गेली असती."

मी पुसली ती राख. हे लिहिलंच पाहिजे. मला कोणी हात धरून बसवलं नव्हतं. बोळा घेतला आणि पुसली. बोळा कोणाच्या दुकानचा, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दहाचे साडेबारा झाले. साहेब आले, फीत कापली. नारळ आयत्या वेळी नवा आणावा लागला. भाषणात "सुसज्ज" हा शब्द तीनदा आला. टाळ्या वाजल्या. मी मांडवाच्या मागे उभी होते. दुपारी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर गेली, मुख्य चौकाला वळसा घालून परत आली.

*

वाक्य चौथं.

*"याची कल्पना मी वाहनचालकास तोंडी दिली होती."*

इथे माझं पेन थांबलं.

कारण ओल्या थराची कल्पना मी भाईदासला दिली नव्हती. पण तोंडी एक गोष्ट मी त्याला सांगितली होती, आणि ती या कागदात नाही, कारण नानांना ती माहीतच नव्हती.

नानांकडून खाली धावत आले तेव्हा, म्हणजे बारा बावीसला, मी भाईदासला म्हटलं होतं, "किल्ली मिळत नाही. तारा जोडून चालू होते का बघ. माझ्या नावावर काढ."

तो हलला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "काढीसन काय करू, अक्का? टाकी रिकामी शे."

"रिकामी? का?"

"तुम्हीच सांगेल व्हतं ना. पानी काढी टाक म्हनीसन."

सांगितलं होतं. जानेवारीत. टाकी भरलेली असली की वरच्या झाकणाच्या रबरातून पाणी पाझरायचं आणि डाव्या अंगाने ओघळायचं. आवारातल्या बोअरचं पाणी क्षाराचं. लालवर ओघळ सुकला की पांढरी रेघ उमटते. दोन-तीन वेळा सुकला की ती रेघ रंगात उतरते, मग घासूनही जात नाही. मी प्रत्येक तारखेला येऊन त्याच रेघा काढत होते. शेवटी वैतागून म्हटलं, "भाईदास, लोकार्पण होईपर्यंत पाणी काढून टाक ना बाबा. नुसतीच उभी आहे गाडी. पाणी कशाला हवंय तिला?"

बंबाला पाणी कशाला हवंय. हे मी बोलले. तोंडाने.

भाईदास कंत्राटी माणूस. जो कोणी जोरात सांगेल त्याचं ऐकतो. त्याने टाकीची तोटी उघडली, पाणी कडुनिंबाला सोडलं. मी शेजारी उभी राहून डाव्या अंगाची शेवटची रेघ पुसली आणि मला बरं वाटलं.

आता नानांना सांगते, तुमच्यावरचा माझा राग यामुळे एक तसूभरही कमी होत नाही. तुम्हाला टाकी रिकामी आहे हे ठाऊक नव्हतं. तुम्ही भरलेला बंब समजून तो दिला नाहीत. पण माझ्यावरचा राग कुठे ठेवू? तो ठेवायला या कागदात जागा नाही. चौथ्या वाक्यात मला दोषी धरलंय ते न केलेल्या गोष्टीसाठी. केलेली गोष्ट कोणी विचारलीच नाही.

*

वाक्य पाचवं.

*"सबब वाहन न पाठविण्यात कोणाचाही हलगर्जीपणा नाही."*

हा कागद कशाला हवा होता? नूर महंमदने अर्ज दिला होता. भरपाईचा नव्हे. त्याची मुलगी सदफ हिच्या अक्षरात तीन ओळी. बंब हाकेच्या अंतरावर उभा होता. तो का आला नाही, एवढं मला लेखी सांगा. खाली लिहिलेलं, अर्जदाराच्या दोन्ही हातांना पट्टी असल्याने सही नाही.

त्याला सही करता येत नव्हती. मला येत होती. एवढ्यासाठी नाना मला चहा पाजत होते.

"अक्का, तुमचं काही जात नाही यात," नाना म्हणाले. "थर ओला होता. थर ओला असणं हा गुन्हा नाही. तुमच्यावर कारवाई नाही, काही नाही. उलट मी मॅडमशी बोललोय. घंटागाड्या, टँकर, जेसीबी, पालिकेच्या अकरा गाड्या आहेत. सगळ्या तुमच्याकडे देऊ."

"घंटागाडीला पॉलिश?"

"का? कचरा वाहते म्हणून चमकू नये?"

"मी कागद घरी नेते."

"घरी कशाला? पाचच वाक्यं आहेत."

"त्यातलं एकच खरं आहे, नाना. बाकीची चार मला पुन्हा वाचायची आहेत."

मी घरी गेले नाही. सहाशे चाळीस पावलं गेले.

नूर महंमद जळक्या भिंतीला ताडपत्री बांधून खाली बसला होता. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर उताणे. रईसा उधारीच्या सुईने हातानेच गादी शिवत होती. मी सांगितलं. आधी नानांचं, मग माझं. टाकीचं वाक्यसुद्धा.

रईसाने सुई गादीत खोचली.

"आमनीच रूई लई गयथी ना तू? आदला शनवारे. दोन किलो."

"हो."

"ते रूईवरी पुशी व्हती ती गाडी?"

"हो."

"मंग चांगली चमकनी व्हई."

ती उठली आणि ताडपत्रीच्या पलीकडे गेली. नूर महंमद हातांकडे बघत राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कोकिळाबहेन," तो म्हणाला, "बठ्ठा लोके माले सांगतस, नशीब व्हतं. मौलानाबी सांगस, नानाबी सांगस. तू पहिली शेस जी सांगस, मी व्हतू."

"मी एकटी नव्हते, नूरभाऊ."

"ते बी लिखी दे. बठ्ठं लिखी दे. तुनी सही करीसन."

*

सगळं लिहिलं. नानांच्याच कागदाच्या पाठीमागे, निळ्या पेनने.

*थर ३१ मार्चला दिला. २२ एप्रिलला तो ओला नव्हता. चावीच्या कपाटाची किल्ली अधीक्षकांच्या अंगावर होती, चावी मी मागितली, त्यांनी लोकार्पणाचं कारण सांगून दिली नाही. टाकी रिकामी होती, कारण रंगावर डाग पडतात म्हणून ती रिकामी करायला मी ड्रायव्हरला जानेवारीत सांगितलं होतं. हे अधीक्षकांना माहीत नव्हतं. हलगर्जीपणा झाला आहे. त्यांचा आणि माझा.*

नानांच्या टेबलावर दिला नाही. खाली आवक टेबलावर गेले. तिथे डिंपल नावाची मुलगी बसते. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला आणि मला झेरॉक्स दिली.

"नक्की ना, अक्का?"

"मार शिक्का. मारलास ना? मग झालं."

मी फाटकापर्यंत पोचले नव्हते तोवर नाना मागून आले. धापा टाकत. मला वाटलं भांडायला. ते हसत होते.

"अक्का! आधी नाही का सांगायचं? टाकी रिकामी होती?"

"हो. आणि किल्लीचंही लिहिलंय त्यात."

"किल्लीचं सोडा हो. पाणीच नाही तर किल्ली दिली काय, न दिली काय? रिकामा बंब नेऊन काय हवा मारणार होते? हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर एवढा उपद्व्याप करावा लागला नसता. थर, ओला, तांत्रिक, किती डोकं लावलं मी!"

"नाना, तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं."

"आता आहे ना." त्यांनी माझ्या खांद्याजवळ हात नेला, न लावता मागे घेतला. "तुमच्या सहीनिशी आहे."

मी बोलले. खूप बोलले. अहिराणीत, मराठीत, आणि ट्रकच्या कारखान्यात शिकलेल्या भाषेतही. चार माणसं जमली. भाईदासने शेडमधून मान बाहेर काढली आणि आत घेतली. नाना शांतपणे ऐकत राहिले. ज्याच्या हातात कागद आलाय तो माणूस किती शांत असतो, हे मी त्या दिवशी बघितलं.

नूर महंमदला आठ दिवसांत लेखी उत्तर मिळालं. सदफने मला फोनवर वाचून दाखवलं, भराभर, एखाद्या परक्याचं पत्र वाचावं तसं. "खाजगी महिला कारागिराच्या परस्पर सूचनेवरून वाहनाची टाकी रिकामी करण्यात आली असल्याने वाहन पाठविणे निरर्थक ठरले असते. संबंधित कारागिराने हे लेखी मान्य केले आहे. तिचे काम बंद करण्यात आले आहे. सबब प्रकरण निकाली."

किल्लीचा त्यात शब्द नाही. लोकार्पणाचा नाही.

"अब्बा विचारी राह्यनात," सदफ म्हणाली, "निरर्थक म्हणजे काय?"

मी पुन्हा पालिकेत गेले आणि डिंपलकडे कोरा कागद मागितला. अजून एक लिहायचं राहिलंय म्हटलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, निकाली निघालेल्या प्रकरणात कागद लागत नाही, अक्का, वरून सांगितलंय, तुमचा घ्यायचा नाही. मी म्हटलं, मग तू नुसतं वाच. लिहून तिच्यासमोर ठेवला. एकच ओळ होती. तिने वाचला, दोनदा वाचला, आणि उलटा करून टेबलाच्या काचेखाली सरकवला.

ओळ अशी होती: *गाडी नवी असताना, गेल्या डिसेंबरात, भाईदासने ती टाकी आवारातल्या बोअरवर पहिल्यांदा भरली, काठोकाठ, तेव्हा अकरा मिनिटं लागली.*